रुमालाखालचा भाव

तोताराम दलालाने खांद्यावरचा रुमाल काढला आणि स्वतःच्या हातावर टाकायच्या ऐवजी आपल्या पोरीच्या हातावर टाकला. भोवतीची माणसं चपापलीच.

"हसू नका रे," तो म्हणाला. "हात कुंदाचा आसीन, पन बोली माहीच हाये."

कडबा कापायच्या कुट्टी मशीनने त्याच्या उजव्या हाताची बोटं चांगलीच चेचली होती. पट्टीतल्या बोटांनी भाव सांगता येत नाही आणि डाव्या हातावर सावद्याच्या गुरांच्या बाजारात कोणी भाव घेत नाही. रुमालाखाली हातात हात घ्यायचा, बोटं दाबायची, तोंडातून चकार शब्द काढायचा नाही, अशी इथली रीत. बोटांची ही भाषा बापानेच तिला लहानपणी खेळता खेळता शिकवली होती.

कुंदा जळगावला विद्यापीठात व्यवस्थापन शिकत होती. तिच्या प्रकल्पाचं नाव मोठं भारदस्त होतं. इलेक्ट्रॉनिक व्यापार आणि त्याचे आर्थिक व सामाजिक परिणाम. आता विद्यापीठातलं इंटरनेट लागलं तर लागायचं, नाहीतर पोरं नुसती पडद्याकडे बघत बसायची, ही गोष्ट वेगळी. पण सर म्हणाले होते, आपल्याच बाजारात जाऊन बघा, उद्या भाव सगळ्यांना उघडा दिसला तर कोणाचं काय होईल. म्हणून बापाने हाक मारताच ती आनंदाने आली. बाजारात दुसरी बाई औषधालाही नव्हती.

बैल विकायला आलेले कौतिक आबा त्याच्या मानेवरून हात फिरवत उभे होते. जोडीतला दुसरा बैल पोळ्याआधीच गेला आणि हा काही केल्या परक्या बैलाबरोबर जुवाखाली चालेना.

"कशाचं शिकते व पोरी तू?" त्यांनी विचारलं.

"कम्प्युटरवरच्या व्यापाराचं, आबा. उद्या बैलाचा भाव पडद्यावर येईन. दिल्लीच्या मानसाले दिसीन, तुम्हालेही दिसीन."

"आन माह्या व्याह्याले?"

"त्यायलेही दिसीन."

आबांचा चेहरा उतरला. "मंग नको माय. घरचा बैल इतक्या कमी भावात इकला म्हनून तो जल्मभर हसीन."

तोतारामला हे ऐकून गुदगुल्या झाल्या. "हे लिहून घे," तो पोरीला म्हणाला. "हेच तुहं सामाजिक." कुंदालाही हसू आलं आणि आबांचं म्हणणं पटलंही.

धुळ्याचा व्यापारी रतिलाल बैलाचे दात बघून पुढे आला. बाईमाणसाचा हात धरायला तो जरा बिचकला, मग त्याने रुमालाखाली हात घातला. आधी सबंध पंजा, मग चार बोटं. नऊ हजार.

"किती?" बापाने कानाशी येऊन विचारलं.

"नऊ," ती पुटपुटली.

"आबाले सात दाब."

कुंदा थबकली. दलाली दोन्हीकडून उघड मिळते, हे तिला ठाऊक होतं. पण मधल्या मधे खिशात जाणाऱ्या या पैशांबद्दल आजवर घरात कोणी बोललं नव्हतं. आपल्या वसतिगृहाची फी कुठून येते, ते तिला आत्ता कळलं आणि भर बाजारात, बैलासमोर, तिला रडू आलं. बापाची लाज वाटली. त्याची दयाही आली.

तोंडाने नुसतं नऊ म्हटलं असतं तरी झालं होतं. पण मग तोतारामच्या रुमालात या बाजारात पुन्हा कोणी हात घातला नसता, आणि आबांच्या बैलाचा भाव व्याह्यापर्यंत आजच पोचला असता. तिने रुमालाखाली आबांचा हात धरला. खरखरीत, गरम हात. तिने पंजा दाबला. मग दोन बोटं. बाप शेजारीच उभा होता. तिने आणखी दोन दाबली.

आबांनी मान हलवली. सौदा झाला.

रतिलालने पैसे तोतारामजवळ दिले. त्याने पाठमोरं होऊन आबांच्या हातावर सात हजार ठेवले. आबांनी हात मागे घेतला नाही.

"तोताराम, आजून दोन."

तोतारामने पोरीकडे पाहिलं. ती बैलाच्या शिंगांकडे बघत होती. तिला विचारायची सोय नव्हती, कारण काय विचारलं ते चार माणसांनी ऐकलं असतं.

"तुम्हाले ध्यान हाये का, ते पाहत व्हतो, आबा," असं म्हणत त्याने उरलेले दोन हजार काढून दिले.

आबांनी दलाली वर काढून दिली, तीही खुशीने. "इतके वर्सं तुह्या रुमालात हात घालतो, तोताराम. आसा भाव पयल्यांदाच लागला. आता हात पोरीचाच ठेव."

तोताराम हसला, पण ते हसू काही टिकलं नाही. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. कुंदाला भीती वाटली, आता काही ना काही बोलेलच. त्याने नुसती दलाली खिशात घातली. आबा बैलाच्या कपाळाला हात लावून, मागे न बघता निघून गेले.

तेवढ्यात वना नावाचा शेतकरी आपली गाय विकायला घेऊन आला. रतिलालने तिला फिरून पाहिलं आणि पुन्हा हात पुढे केला. कुंदाने त्याचा हात धरला, बोटं ओळखली आणि मघासारखाच कान बापाकडे नेला.

तोतारामने डाव्या हाताने रुमाल दोघांच्या हातांवर नीट ओढून दिला आणि तो गायीकडे बघत राहिला. किती, असं त्याने विचारलंसुद्धा नाही.