अग्रकेतूचं शेवटचं भाषण

"अग्रकेतूचं भाषण ऐकलंस का गं?" गेमचा नवा भाग आला की बाबा विचारायचे. जादूई राज्यांच्या त्या गेममधला हा माझा लाडका खलनायक. त्याला आवाज बाबांचा होता.

"एकदम भारी!" मी ठोकून द्यायचे. खरं तर लढायची इतकी घाई असायची, की त्यानं तोंड उघडताच मी बटण दाबून बोलणं स्किप करायचे.

घशाच्या ऑपरेशनमध्ये बाबांचा आवाज कायमचा गेला. मी ठरवलं, निदान शेवटचं भाषण दोघांनी मिळून ऐकायचं. चार रविवार खेळून काल अग्रकेतूच्या सिंहासनापाशी पोचले. बाबा सरसावून बसले. त्यानं श्वास घेतला आणि माझ्या अंगठ्यानं सवयीनं बटण दाबलं.

तलवारी खणखणू लागल्या. बाबांनी पाटी ओढून लिहिलं, "असं ऐकायचीस होय?"