सहावी खुर्ची

"पाचच खुर्च्या लागतील, बाबा! तुम्ही, मी, हे आणि दोन मुलं. सहावी कुणासाठी?"

सुतारानं हातातला रंधा थांबवला नाही. "नाताळला या टेबलाशी सहा खुर्च्या असतील," तो म्हणाला.

"अहो, नाताळला अजून तीन महिने आहेत!"

"मग आदल्या रात्री करू? लाकडाला सवड द्यावी लागते. ते काही तुझ्यासारखं नाही, काडी लावली की भडकलं."

मुलगी भडकलीच होती. यंदाचा नाताळ आपल्या घरी करायचा, असं ठरवूनच ती आली होती. गेल्या हिवाळ्यात गाडी झाडावर आदळली आणि आई जागच्या जागी गेली. चालवणाऱ्याला साधं खरचटलंही नव्हतं. तो प्यायलेला होता. कोर्टानं त्याला आत टाकलं, आणि तेव्हापासून बापलेकीनं त्याचा विषय काढला नव्हता.

आईची खुर्ची तिनंच उचलून चर्चला देऊन टाकली होती. रिकामी जागा बघून बाबा खंगतील, म्हणून. तेव्हा बाबांनी चकार शब्द काढला नव्हता. आणि आता हे!

"दहा खुर्च्या केल्यात तरी आई येणार नाही, बाबा. आजोबा कुणाला वाढतायत, असं मुलांनी विचारलं तर काय सांगू?"

"खरं असेल ते सांग."

"म्हणजे आजोबांना वेड लागलंय?"

"तेही सांग." त्यानं रंधा आपटला. "पण जेवण इथंच. यायचं तर या, नाहीतर बसा आपल्या घरी. मी कुणाच्या पाया पडणार नाही."

"सुंभ जळला तरी पीळ काही जात नाही तुमचा."

"तुझ्यात कुठून आलाय मग? बाजारातून?"

एरवी ती हसली असती. आज तिनं नव्या खुर्चीच्या सांगाड्यावर ठोकलेल्या फळीवरचा भुसा हातानं झटकला. "बघू तरी कशी केलीय आईची जागा," म्हणत ती रागानंच तिच्यावर बसली.

बाबा घरातल्या प्रत्येकाचा गुडघा मोजून त्याची खुर्ची करायचे. ती अंगापिंडानं आईवर गेलेली. आईच्या खुर्चीत ती अगदी चपखल बसायची.

इथं तिचे पाय लोंबकळत राहिले. ती पुढे सरकली. तरी अंगठे जमिनीला टेकेनात.

या घरात एवढे लांब पाय एकाचेच होते.

"नाही," ती किंचाळली. "तो नाही, बाबा! त्यानं आईला मारलंय!"

"मला सांगतेस? त्याची खुर्ची मीच फोडली कुऱ्हाडीनं." म्हाताऱ्यानं आपटलेला रंधा पुन्हा उचलला. "नाताळच्या आदल्या दिवशी सुटतोय तुझा भाऊ. उभ्यानं जेवेल का तो?"