गजराचं बटण

कापसाचे भाव पडले त्या वर्षी रत्नप्रभाबाई वारलेल्या नवऱ्याचं गजराचं मनगटी घड्याळ विकायला नेरला इम्तियाजभाईंच्या घड्याळांच्या दुकानात आल्या. भाई अशी चावीची जुनी घड्याळं जमवत, पण वाजणारीच घेत.

"वाजते, पन लगेच बंद होते," बाई म्हणाल्या. "हे कापूस खरेदी केंद्रावर ग्रेडर होते. पहाटीच निघाचे. माही झोप मोडू नये म्हनून गजर झाला की पटकन बटन दाबाचे."

भाईंनी चावी भरून घड्याळ काउंटरवर ठेवलं. गजर झाला. कोणाचाही हात नसताना बटण आत गेलं आणि आवाज थांबला.

त्यांनी पुन्हा गजर लावला. बटण पुन्हा दबलं.

बाई घड्याळावर वाकल्या.

"आता वाजू द्या," त्या घड्याळाशी हळू बोलल्या. "मी जागीच आहो."

बटण सावकाश वर आलं.