उशीतल्या गोळ्या

"तुझं काम आता हा एआयवाला मोबाइलच करील," गुरुजी बायकोला म्हणाले. "शाळेला मात्र माणूसच लागतो." बायको गावची आशाताई, घरोघर फिरणारी आरोग्य स्वयंसेविका.

सकाळी तिने तो मोबाइल गरोदर सुगंधासमोर धरला. "रक्तवाढीच्या गोळ्या घेता ना?" त्याने गोड आवाजात विचारलं. सासूकडे बघत सुगंधा म्हणाली, "रोज."

"शाब्बास, ताई!" मोबाइल म्हणाला.

आशाताईने सासूला चहा ठेवायला आत धाडलं आणि मोबाइल पिशवीत टाकला. तशी सुगंधाने उशीच्या अभ्र्यातून महिन्याभराच्या गोळ्या काढल्या. "सासूबाई घेऊ देत नाहीत. म्हणतात, बाळ काळं होईल."

रात्री जेवताना हे ऐकून गुरुजींचा घास हातातच राहिला.

"माझी पोरंही रोज 'समजलं' म्हणतात," ते म्हणाले. "आणि मी 'शाब्बास' म्हणून पुढचा धडा घेतो."