निम्मा निम्मा स्टिरिओ

"त्याला सांग, बापूंच्या तबकड्या माझ्याच घरात राहणार," थोरला आईला म्हणाला. "त्यालाच सांग, माझ्या घरात!" धाकट्यानं आईलाच ऐकवलं. बापाच्या तेराव्यापासून तीन महिने दोघं भाऊ एकमेकांशी एक अक्षरही बोलले नव्हते.

त्यांची आई हौसाबाई शाळेत दुसरीपुरत्याच गेल्या होत्या. पण साठच्या दशकातल्या विलायती बँडांच्या त्या दोनशे तबकड्या चाळीस वर्षं पुसून नि ऐकून त्यांचे कान पक्के झाले होते. जुन्या स्टिरिओचा येडेपणा त्यांना पाठ होता. उजव्या स्पीकरमधून नुसते गाणारे, डाव्यातून नुसते वाजवणारे. त्यांनी वायरमनकडून दोन्ही बाजूंच्या पोरांच्या घरांच्या भिंतींना भोकं पाडून तारा ओढून घेतल्या. तबकड्या नि प्लेअर मधल्या आपल्या खोलीत ठेवला, उजवा स्पीकर थोरल्याकडं धाडला, डावा धाकट्याकडं. "झाली वाटणी. रोज सकाळी लावीन."

चौथ्या दिवशी थोरला उंबऱ्यात उभा. "आई, चार बाप्ये नुसते गळे काढतात गं. चहा उतरत नाही घशाखाली."

"माझ्याकडं वरात हाय, नवरदेवच नाही," मागून धाकटा कळवळला.

"मग आणा ते खोके हितं. का मी उचलू, ह्या वयात?"

दोघांनी स्पीकर आणले.

"अरे, उजवा उजवीकडं ठेव!" धाकटा थोरल्यावर खेकसला.

"कुणाच्या उजवीकडं? तुझ्या का माझ्या?"

"दादा, अक्कल शिकवू नको!"

हौसाबाईंनी तबकडीवरची सुई हळूच उचलली. आता त्या गोऱ्यांचं कोण ऐकत बसतंय!