श्वासभर हवा

"माझी घटका भरली की तेवढी खिडकी उघड रे, बाळा." सासूबाईंचा तो आवाज सुनेच्या कानांतून जात नव्हता. लेक 'हो आई' म्हणाला होता खरा, पण त्यानेच उभारलेल्या या उंच इमारतीत उघडणारी खिडकीच नव्हती. सगळीकडे दुहेरी काचा, आणि मधली फट हवाबंद.

"बांधायला दुप्पट पैसा गेला, पण वीज निम्मी लागते," तो पाहुण्यांना सांगे. "आतली श्वासभर हवासुद्धा बाहेर जायची नाही."

"म्हणजे बरणीच की रे!" सासूबाई हसायच्या.

त्या गेल्या आणि त्यांच्या खोलीतली काच धुरकट झाली. सुनेने पुसून पुसून पाहिली.

"अहो, वाफ दोन काचांच्या मध्ये आहे."

"सील गेलं असेल. तू कशाचाही बाऊ करतेस!"

त्याने काच बदलून घेतली. दुसऱ्या सकाळी नव्या काचेतही वाफ धरली. श्वास घ्यावा तशी ती कमी-जास्त होत होती. दोघं बघत असतानाच त्या वाफेवरून, मधल्या बाजूने, चार बोटं हळूहळू खाली ओढली गेली.

सुनेने हात जोडले.

"रखवालदाराला फोन कर. खाली रस्त्यावर कुणाला उभं राहू देऊ नको म्हणावं," तो हळूच म्हणाला आणि हातोडी आणायला गेला.