उलटी तार

डॉक्टरबाई गाडीखाली वाकून पाहत होत्या. इंजिनाच्या तेलाचे तळातले बूच हादऱ्यांनी सुटू नये म्हणून मिस्त्रींनी ते तारेने बांधले होते. "खुशालराव, तार पुन्हा उलट्या बाजूने ओढलीत. अशानं धक्क्यागणिक बूच सैल होत जातं." मिस्त्री हसले. "बाई, तुमी बाळंतपणं करा. नटबोल्टाचं आमाले समजते." "मागच्या महिन्यातही हेच म्हणालात. दर्यापूरच्या रस्त्यावर बूच पडलं, तेल सांडलं, इंजिन जाम झालं. मी बैलगाडीनं पोचले तेव्हा बाळंतीण गेली होती." "सायबाच्या सरकारचा रस्ताच खराब, त्याले मी काय करू?" बाईंनी गाडीचे दार सताड उघडले. "अंजनगावला एक पोरगी अडली आहे. बसा. आज बूच पडलं, तर तिच्या आईला कारण तुम्ही सांगाल." मिस्त्री बसले नाहीत. कोणाकडे न पाहता पक्कड घेऊन गाडीखाली शिरले.